यंत्र आमचे, किल्ली परक्याची!

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज दहा’ या संगणक-प्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. त्या दिवशी कोठे घंटा वाजली नाही, की कोणी काळी निशाणे लावली नाहीत. सामान्य गृहस्थाने फार तर नवा संगणक घेण्याचा विचार केला आणि तो पुढल्या दिवाळीवर ढकलला. परंतु आमच्या विद्यापीठांतील, महाविद्यालयांतील, रुग्णालयांतील आणि औषधी कारखान्यांतील प्रयोगशाळांना या घटनेचा अर्थ निराळा आहे. ज्या ‘विंडोज एक्सपी’ची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली, आणि ज्या ‘विंडोज सात’ची १४ जानेवारी २०२० रोजी संपली, त्या प्रणालींवर चालणारे संगणक तेथे आजही दिवसभर राबत आहेत. ते कोणी हौसेने जपलेले नाहीत. त्या प्रत्येकाच्या पाठीशी एकेक बहुमोल यंत्र बांधलेले आहे. संगणक बसला, की यंत्रही बसते. आणि एकदा बसलेले यंत्र पुष्कळदा पुन्हा उठत नाही. ते बिघडलेले असते म्हणून नव्हे, तर ते चालविण्याचा परवाना कोठेतरी हरवलेला असतो म्हणून!

हे चमत्कारिक वाटेल. परंतु कोणत्याही जुन्या रसायनशास्त्र विभागात जाऊन पाहावे. कोपऱ्यातील टेबलावर वर्णपट घेणारे एखादे यंत्र असते. वीसएक वर्षांपूर्वी अनुदानासाठी दहा अर्ज करून, तीन कोटेशने मागवून, विभागाने ते मिळविलेले असते. शेजारी पिवळट पडलेला एक संगणक असतो आणि त्यावर ‘कृपया हा संगणक बंद करू नये’ अशी चिठ्ठी डकविलेली असते. त्या चिठ्ठीत विज्ञान थोडे आणि प्रार्थना अधिक! एके सकाळी त्या संगणकाची हार्ड डिस्क कुरकुरते आणि थांबते. दुरुस्तीसाठी आलेला इंजिनिअर यंत्र तपासून सांगतो, की दिवा ठीक आहे, आरसे ठीक आहेत, पंप ठीक आहे. दुसरा संगणकही कोठून तरी पैदा करता येईल. सॉफ्टवेअरची सीडी कपाटात सापडली, तर तीही चालेल. पण परवाना? तो त्या मेलेल्या डिस्कवर होता! कंपनीकडे विचारणा केली, तर उत्तर येते की ही आवृत्ती आम्ही केव्हाच बंद केली. नवी आवृत्ती आपल्या जुन्या यंत्रास ओळखत नाही. सबब आपण नवे यंत्र घ्यावे, त्याचे दरपत्रक सोबत जोडले आहे. धडधाकट माणसाचा जन्मदाखला हरवला म्हणून त्याला मृत ठरवावे, त्यातलाच हा प्रकार नव्हे काय?

हे परवाने असतात तरी कसे, ते समजून घेतल्यावाचून या दुखण्याचे मूळ कळणार नाही. पहिला प्रकार ‘डोंगल’चा. संगणकाच्या पाठीमागील पोर्टमध्ये अडकवावयाचे अंगठ्याएवढे हे एक खोके. ते जागेवर आहे की नाही, हे सॉफ्टवेअर मधूनमधून पाहते आणि नसल्यास काम करण्याचे नाकारते. जुनी डोंगले ज्या पंचवीस टाचण्यांच्या पॅरलल पोर्टात बसत, ते पोर्ट आता नव्या संगणकांवर सहसा मिळत नाही. दुसरा प्रकार किल्लीच्या फ्लॉपीचा. ती फ्लॉपी एकदा घालून परवाना हार्ड डिस्कवर उतरवावयाचा. मग फ्लॉपी रिकामी आणि डिस्क धनी. डिस्क गेली, की परवाना तिच्याबरोबर सती जातो! तिसरा प्रकार संगणकाच्या ओळखखुणांशी बांधलेल्या परवान्याचा. नेटवर्क कार्डाचा क्रमांक किंवा डिस्कचा क्रमांक जुळला तरच दार उघडते. कार्ड बदलले किंवा तीच डिस्क पुन्हा फॉरमॅट केली, तरी सॉफ्टवेअर आपल्या धन्यास चोर समजते. चौथा प्रकार कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडून परवानगी आणण्याचा. तो संगणक कंपनीने बंद केला, की विचारावयाचे कोणाला? मुदतीच्या परवान्यांची तऱ्हा तर आणखी निराळी. मदरबोर्डावरील एक नाण्याएवढी बॅटरी संपते, संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि परवान्यास वाटते की कोणी लबाडी करीत आहे. लाखो रुपयांचे यंत्र त्या क्षुल्लक बॅटरीपायी ठप्प होते. नाकापेक्षा मोती जड, म्हणतात तो हा असा!

वास्तविक येथे दोन आयुष्यांची गाठ चुकीची मारली गेली आहे. चांगल्या घडणीचे शास्त्रीय उपकरण नीट निगा राखल्यास वीस-पंचवीस वर्षे सहज काम देते. त्यातील भिंगे, चुंबके, पंप आणि आरसे यांना फॅशन ठाऊक नसते. संगणकाचे व्यापारी आयुष्य मात्र पाच-सात वर्षांचे. उपकरण आणि संगणक यांना जोडणारी कार्डे ज्या खाचांत बसत, त्या ‘आयएसए’ जातीच्या खाचा घरगुती संगणकांतून या शतकाच्या आरंभालाच नाहीशा झाल्या. दीर्घायुषी यंत्राची नाडी अशी अल्पायुषी वस्तूच्या हाती दिली गेली. जुने तंत्र चालू ठेवणे यात लाजिरवाणे काही नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराची भुयारी-रेल्वे नियंत्रित करणारी १९९८ सालची यंत्रणा पाव शतकानंतरही फ्लॉपी डिस्कवरून सुरू होत होती. प्रत्यक्ष अमेरिकेच्या अण्वस्त्रदलानेही आठ इंची फ्लॉपी टाकून दिली ती २०१९ च्या सुमारास. जुनी फ्लॉपी निदान आपल्या हातात असते. तिची नक्कल करता येते, ती वाचणारे यंत्र जुन्या बाजारात शोधता येते. परवाना मात्र दुसऱ्याच्या मुठीत असतो, आणि ती मूठ उघडणारा माणूस कित्येकदा या जगात उरलेलाच नसतो.

हे आम्ही अलंकारिक अर्थाने बोलत नाही. उपकरणांच्या व्यापारात कंपन्या विकल्या जातात, फुटतात, विलीन होतात. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा मोजमापाच्या उपकरणांचा विभाग १९९९ साली अॅजिलेंट या नावाने वेगळा झाला. अॅजिलेंटमधूनही २०१४ साली इलेक्ट्रॉनिक मोजमापाचा भाग कीसाइट म्हणून वेगळा निघाला. व्हेरियन या कंपनीने १९५२ साली जगातील पहिला व्यापारी एनएमआर वर्णपटमापक बाजारात आणला होता. रेणूंची रचना उलगडणाऱ्या या यंत्रांत तिचे नाव घरोघर, म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी, झाले. ती कंपनी २०१० साली अॅजिलेंटने घेतली आणि २०१४ साली अॅजिलेंटने एनएमआरचा व्यवसायच बंद करीत असल्याचे जाहीर केले. जगभर पसरलेल्या त्या यंत्रांचे धनी रातोरात पोरके झाले. परंतु याच कथेचा उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. अॅजिलेंटने त्या यंत्रांचे ‘व्हीएनएमआरजे’ हे सॉफ्टवेअर कुलूपबंद करून तळघरात टाकले नाही. त्याची मूळ आज्ञावली ओरेगॉन विद्यापीठाच्या हवाली केली, आणि ती आता ‘ओपनव्हीएनएमआरजे’ या नावाने सर्वांना खुली आहे. व्यापार सोडताना ग्राहकाच्या हाती किल्ली देऊन जाण्याचा हा सभ्यपणा एका कंपनीस जमला. मग इतरांस तो का जमू नये?

या प्रश्नाची झळ कोणाला बसते, ते पाहावे. कंपनीचे काही जात नाही. झालाच तर नव्या विक्रीचा लाभ होतो. नुकसान होते ते तालुक्याच्या गावाहून शहरात येऊन पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचे. त्याची शिष्यवृत्ती मुदतीची असते, आणि यंत्र बंद पडले म्हणून मुदत थांबत नाही. तो आपले नमुने डब्यांत भरून दुसऱ्या संस्थेच्या दारात रांग लावतो, आणि तेथील यंत्र निराळे म्हणून आधीची मोजमापे नव्याशी पडताळून पाहण्यात महिने घालवितो. नुकसान होते ते भूतकाळाचेही. मोजमापाच्या फायली कंपनीच्या खासगी स्वरूपात साठविलेल्या असतात, आणि त्या वाचणारे सॉफ्टवेअर परवान्यावाचून उघडत नाही. दहा वर्षांचे काम डोळ्यांसमोर असून वाचता येत नाही! औषधी कारखान्यांत तर हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न उरत नाही. अमेरिकेला औषधे पाठविणाऱ्यांस तेथील औषध प्रशासनाचे इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचे नियम १९९७ पासून लागू आहेत, आणि ज्या नोंदी जपावयाच्या त्या तपासनिसापुढे उघडूनही दाखवाव्या लागतात. ‘परवाना हरवला’ हे उत्तर तेथे चालत नाही.

शिवाय धोका आहे तो निराळाच. परवाना जाईल या भीतीने जुन्या संगणकास कोणी हात लावीत नाही; त्याची सुधारणा होत नाही; आणि तो तसाच जाळ्याला जोडलेला राहतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा संगणकीय उपद्रव दीडशे देशांत पसरला. जुन्या किंवा वेळेवर न सुधारलेल्या प्रणालींना त्याने गाठले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रोगनिदानाची यंत्रेही त्याच्या तडाख्यात सापडली आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने वर्तविला. परवान्याच्या कुलपाने संगणकास जुनाट ठेवावयाचे आणि त्या जुनाटपणाने चोरास दार उघडे करून द्यावयाचे, असे हे दुहेरी संकट आहे.

येथे कोणी म्हणेल, की कंपन्यांनी कुलपे लावली ती उगाच नव्हे. तुम्हीच चोरून नकला करता! हा आक्षेप आम्ही झटकून टाकणार नाही. चोरीच्या सॉफ्टवेअरचा सुळसुळाट आपल्याकडे झाला आहे, आणि सुशिक्षित माणसेही त्यात मागे नाहीत, हे कबूल केले पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे श्रम हे श्रमच आहेत आणि त्यांचे मोल दिलेच पाहिजे. परंतु वर्णपटमापकाच्या सॉफ्टवेअरची चोरी करून कोणी काय करणार? ते सॉफ्टवेअर त्या यंत्रावाचून निरुपयोगी, आणि यंत्राचे पैसे तर पै न् पै मोजून दिलेले आहेत. अशा ठिकाणी कुलूप चोरासाठी उरत नाही, ते गिऱ्हाइकासाठीच उरते. आणि जी आवृत्ती कंपनी स्वतःच विकत नाही, जिचे दुरुस्तीपथक तिने मोडून टाकले, तिचे रक्षण करून कोणत्या उत्पन्नाचे रक्षण होते?

मात्र दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहताना आपल्या डोळ्यातील मुसळ विसरून चालणार नाही. आमच्या संस्थांत यंत्र आले, की डेड स्टॉक रजिस्टरात त्याची नोंद होते. किंमत, तारीख, पुरवठादार, सारे काही लाल शाईने. टेबल, खुर्ची आणि पंखा यांचीही नोंद होते. परंतु ज्या कागदावर परवान्याचा क्रमांक आहे, तो कागद खोक्यातील थर्मोकोलबरोबर रद्दीत जातो. डोंगल हे काय खेळणे, असे समजून ते ड्रॉवरात पडते. जे प्राध्यापक सर्व जाणत, ते सेवानिवृत्त होतात. जे प्रयोगशाळा सहायक सीडी सांभाळीत, त्यांची बदली होते. आणि निर्लेखनाच्या वेळी जुना संगणक ‘निरुपयोगी’ म्हणून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो, परवान्यासकट! खरेदीच्या वेळी आम्ही किमतीवर घासाघीस करतो, पण दहा वर्षांनी हा संगणक मेला तर काय, हा प्रश्न विचारीत नाही. जे आपण मागितले नाही, ते न मिळाल्याबद्दल कोणास बोल लावणार?

आता कायद्याकडे वळू. आमचा १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा या बाबतीत समजला जातो तितका कठोर नाही. ज्याच्याजवळ सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीररीत्या आहे, त्याला नाश वा हानी यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची, आणि ज्या कामासाठी ती प्रत पुरविली गेली त्या कामासाठी ती वापरता यावी म्हणून नक्कल वा फेरबदल करण्याची, मुभा कलम ५२ ने दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ तांत्रिक कुलपे तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगते खरे. परंतु ती हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप तोडणाऱ्यास. कायद्याने जे स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही, त्या कारणासाठी केलेल्या कृतीस ते कलम आड येत नाही. दुसऱ्यास अशी मदत करणाऱ्याने त्याची पूर्ण नोंद ठेवावी, एवढी अट ते घालते. म्हणजे आपल्या मालकीच्या यंत्राची अडलेली किल्ली फिरविणारा आणि चोर, यांत फरक करण्याची बुद्धी आमच्या कायद्यात आहे. पण ती ओळींच्या आड दडलेली आहे, आणि सरकारी संस्थेतील कोणता प्रयोगशाळा प्रमुख केवळ ओळींच्या आडच्या अर्थावर भिस्त ठेवून आपली नोकरी पणास लावील?

अमेरिकेसारख्या व्यापारधार्जिण्या देशानेही या दुखण्याची दखल घेतली होती. तेथे कुलपे तोडण्यास मनाई करणाऱ्या कायद्यातून दर तीन वर्षांनी सवलती जाहीर होतात. बिघाडामुळे दार न उघडणाऱ्या कालबाह्य कुलपांविषयी पहिली सवलत २००० साली मिळाली. बिघडलेल्या आणि कालबाह्य झालेल्या डोंगलांचे नाव घेऊन ती २००३ साली आणि पुढे २००६ व २०१० सालीही देण्यात आली. २०१२ च्या फेरीत ती उरली नाही. मात्र २०२१ साली वैद्यकीय यंत्रांच्या दुरुस्तीसाठी नवी सवलत देण्यात आली. आमच्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी अशी चार क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. मिक्सर दुरुस्त करण्याचा हक्क गृहिणीला असावा, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु जनतेच्या करांतून घेतलेले लाखोंचे यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क विद्यापीठाला नसावा काय?

तेव्हा करावयाचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिली गोष्ट प्रत्येक प्रयोगशाळेने आजच करावी. तिला अनुदान नको, की मंत्रालयाची मंजुरी नको. जे जुने संगणक अद्याप चालत आहेत, त्यांच्या संपूर्ण हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा उतरवून दोन ठिकाणी ठेवावी. केवळ फायलींची नक्कल पुरत नाही. परवान्याच्या खुणा फायलींबाहेरही असतात. घड्याळाची बॅटरी संपण्याआधी बदलावी. डोंगल, सीडी, परवान्याचे कागद आणि क्रमांक यांची डेड स्टॉक रजिस्टरात यंत्राच्या शेजारी नोंद करावी. यंत्राचा संगणक बाहेरच्या जाळ्यापासून वेगळा काढावा. दुसरी गोष्ट खरेदीदारांची. यंत्र चालेल तोवर सॉफ्टवेअरचा परवाना चालेल, संगणक बदलल्यास तो विनामूल्य हलविता येईल, कंपनी तो माल सोडून देईल तर कुलूप काढून देईल, आणि मोजमापे खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतील, या चार अटी प्रत्येक निविदेत छापल्या गेल्या पाहिजेत. अशी खुली स्वरूपे आकाशातून आणावयाची नाहीत. अवरक्त वर्णपटांसाठी ‘जेकॅम्प’ हे स्वरूप १९८८ पासून आहे आणि वस्तुमान वर्णपटांसाठी ‘एमझेडएमएल’ २००८ पासून. एकटे महाविद्यालय या अटी मागेल, तर विक्रेता हसेल. देशातील सर्व सरकारी संस्था एकमुखाने मागतील, तर तो कागद पुढे ओढून सही करील.

तिसरी गोष्ट सरकारची. केंद्राच्या विज्ञान खात्याने संशोधन-यंत्रांची देखभाल आणि वाटून वापर यांसाठी २०२२ साली ‘श्रीमान’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. देशभरातील यंत्रांची यादी ठेवणारे ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळही २०२० पासून आहे. त्या यादीत यंत्राच्या नावापुढे परवान्याचा एक रकाना का असू नये? तो कोणत्या प्रकारचा, किती काळाचा, कंपनी जिवंत आहे की नाही, एवढे जरी कळले, तरी किती यंत्रे कड्याच्या टोकावर उभी आहेत ते देशाला दिसेल. आणि दुरुस्तीच्या हक्काच्या चार क्षेत्रांत शास्त्रीय व वैद्यकीय उपकरणांचे पाचवे क्षेत्र घालावे. कालबाह्य परवान्याचे कुलूप धन्याने काढणे हा गुन्हा नव्हे, असे नियमात स्वच्छ अक्षरांत लिहावे.

आणि अखेरची गोष्ट मनाची आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांनी ती बव्हंशी स्वदेशी बुद्धीने आणि स्वदेशी हातांनी उभारली. गेल्या दशकात तिचे मोठे आधुनिकीकरण झाले. ग्राहक बदलले, संगणक बदलले, आणि दुर्बीण पूर्वीपेक्षा अधिक समर्थ झाली. ज्यांनी ती घडविली, त्यांना तिचे अंतरंग ठाऊक होते. प्रत्येक यंत्र आपण घडवू शकणार नाही, हे आम्ही जाणतो. जगाशी देवघेव करावीच लागेल. परंतु विकत घेणे आणि गहाण पडणे यांत अंतर आहे. पैसे देऊन यंत्र आणावयाचे आणि ते चालविण्याची परवानगी मात्र जन्मभर दुसऱ्याच्या दारी मागावयाची, याला खरेदी म्हणत नाहीत. ही कूळवहिवाट झाली, आणि तीही अशा जमीनदाराकडची, जो कोठे राहतो हेही ठाऊक नाही!

आज रात्री शहरातील कित्येक प्रयोगशाळांत ती चिठ्ठी डकविलेले संगणक गुरगुरत असतील. त्यांपैकी काही उद्या सकाळी सुरू होणार नाहीत. त्यांच्या डिस्कची नक्कल आज सायंकाळपर्यंत करता येते, उद्या येणार नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ द्यावयाचे नसेल, तर विद्यापीठांच्या कुलगुरूंनी आणि संस्थांच्या संचालकांनी या आठवड्यात एकदा स्वतः प्रयोगशाळेत जावे, त्या पिवळट संगणकापुढे उभे राहावे, आणि एकच प्रश्न विचारावा: याची किल्ली कोणाजवळ आहे?